दारू सोडवणाऱ्या औषधाची बातमी आणि तिच्यातून सुटलेला अर्धा भाग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकात, एका विशिष्ट अळिंबीतील द्रव्याने दारूचे व्यसन आटोक्यात येते, अशा आशयाची बातमी प्रसिद्ध झाली. ती वाचून आमच्या गल्लीतील तिघांनी मला, ही गोळी मिरजेत कोठे मिळते, असे विचारले. त्यांपैकी एक बाई बातमीचे कात्रण पदराच्या गाठीत बांधून आली होती. गाठ सोडून तिने ते माझ्यापुढे ओट्यावर पसरले आणि ‘सिस्टर, आमच्या ह्यांना चालंल का?’ एवढेच विचारले. मी मिरजेत चौतीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली आणि त्यातील बरीच वर्षे पुरुषांच्या वॉर्डात गेली. बातमीत खोटे काही नव्हते. पण जो भाग त्या बाईच्या उपयोगाचा होता, तोच नेमका तीत आला नव्हता. तो लिहावा म्हणून हे पत्र.

बातमी ज्या संशोधनावर बेतलेली होती, ते न्यूयॉर्क विद्यापीठातील डॉ. मायकल बोगेनशुट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे असून ते ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जामा सायकिअॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दारूवर अवलंबून असलेल्या ९५ स्त्री-पुरुषांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट करण्यात आले. एका गटाला सायलोसायबिन हे अळिंबीत आढळणारे, काही तास माणसाचे भान पालटून टाकणारे द्रव्य मोजून दिले गेले आणि दुसऱ्याला डायफेनहायड्रामिन, म्हणजे आपल्याकडे सर्दी-खोकल्याच्या औषधांतून परिचित असलेले, गुंगी आणणारे साधे औषध. पुढच्या ३२ आठवड्यांत किती दिवस अतिरिक्त दारू प्यायली गेली, याची नोंद ठेवली गेली. पुरुषाने एका दिवसात पाच किंवा अधिक मापे आणि स्त्रीने चार किंवा अधिक मापे घेतली, की तो दिवस अतिमद्यपानाचा धरायचा, असा हिशेब होता. सायलोसायबिनच्या गटात असे दिवस ९.७ टक्के भरले, तर दुसऱ्या गटात २३.६ टक्के. फरक मोठा आहे आणि तो मनापासून आनंद व्हावा असाच आहे. ज्या दुखण्यापुढे मी कितीतरी डॉक्टरांना हात टेकताना पाहिले, त्यावर कोणी इतक्या चिकाटीने काम करत आहे, याचाच मला दिलासा वाटला.

परंतु हे आकडे वाचताना दुसऱ्या गटाकडेही पाहिले पाहिजे. अभ्यासात येण्यापूर्वीच्या बारा आठवड्यांत या लोकांचे अतिमद्यपानाचे दिवस निम्म्याच्या आसपास होते. म्हणजे ज्यांना अळिंबीतील द्रव्य मिळालेच नाही, केवळ गुंगीचे औषध मिळाले, त्यांचेही असे दिवस निम्म्याहून अधिक घटले. ते कशाने घटले? दोन्ही गटांतील प्रत्येकाला बारा वेळा समुपदेशन मिळाले होते. चार बैठका पहिल्या मात्रेपूर्वी, चार दोन मात्रांच्या मध्ये आणि चार दुसऱ्या मात्रेनंतर. औषध देण्याच्या दोन दिवशी तर सुमारे आठ-आठ तास दोन प्रशिक्षित माणसे त्या एकट्या रुग्णापाशी बसून होती. त्याच्या डोळ्यांवर पट्टी, कानांत संगीत, आणि भीती वाटली तर धरायला शेजारी हात. मी आयुष्यभर ड्युटीचे तास मोजत आले, म्हणून सवयीने हिशेब केला. दोन माणसे, आठ तास, दोन दिवस, म्हणजे एका रुग्णामागे बत्तीस मनुष्यतास. आणि यात त्या बारा बैठका धरलेल्याच नाहीत. आमच्या वॉर्डात रात्रपाळीला एका सिस्टरकडे चाळीस खाटा असत.

माणूस शेजारी बसल्याने काय होते, हे मी पाहिलेले आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. बरीच वर्षे झाली. द्राक्षांच्या हंगामात तासगावकडचा एक टेम्पोचालक मांडीचे हाड मोडून आमच्याकडे आला. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. केसपेपरवर दारूचा उल्लेख नव्हता, कारण कोणी विचारले नव्हते आणि घरच्यांनी लाजेने सांगितले नव्हते. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास तो उठून बसला, सलाईनची नळी ओढून काढली आणि चादरीवरून काहीतरी वेचून खाली टाकू लागला. ‘सिस्टर, मुंग्या झटका की वो अंगावरनं,’ असे तो मला हात जोडून सांगत होता. हात थरथरत होते, कपडे घामाने ओले होते, आणि भिंतीपाशी त्याला त्याचे मेलेले वडील दिसत होते. बाहेर व्हरांड्यात निजलेल्या त्याच्या बायकोला उठवून विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘रोज दोन क्वार्टर घेत्यात.’ दारू अचानक बंद झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारा हा विड्रॉवलचा भ्रम आहे, आणि त्यात माणूस दगावूही शकतो. डॉक्टरांनी लोराझेपाम हे शांत करणारे औषध दिले, ग्लुकोजच्या आधी थायमिनचे, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचे, इंजेक्शन दिले. औषध लागू पडेपर्यंत मी खाटेशेजारी स्टूल घेऊन बसले आणि दर दोन मिनिटांनी त्याला तेच ते सांगत राहिले, ‘दादा, मी सिस्टर आहे, हे मिरज आहे, आज मंगळवार आहे, तुमची बायको इथं पायाशी बसलीय.’ वॉर्डातील मामांनी दिवा मालवला नाही. मी बोलत होते तोवर तो पडून राहायचा. दुसऱ्या खाटेकडे जाण्यासाठी उठले, की मुंग्या परत यायच्या.

या भ्रमाचा आणि आजच्या संशोधनाचा फार जुना संबंध आहे, हे मला निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले आणि त्या रात्रीची आठवण झाली. १९५० च्या दशकात कॅनडातील सास्कॅचेवान प्रांतात हम्फ्री ऑसमंड आणि अब्राम हॉफर या मनोविकारतज्ज्ञांनी दारूच्या रुग्णांना एलएसडी हे सायलोसायबिनसारखेच भान पालटणारे द्रव्य देऊन पाहिले. त्यांचा मूळ तर्क असा होता, की विड्रॉवलच्या भ्रमाने हादरून काही जण दारू कायमची सोडतात, तर मग तोच अनुभव औषधाने, जिवाला धोका न होता, घडवता येईल का? प्रत्यक्षात निराळेच आढळले. रुग्ण भीतीने सुधारत नव्हते. ज्यांना त्या काही तासांत आपल्या आयुष्याकडे जरा दुरून, कणवेने पाहता आले, त्यांच्यात फरक पडत होता. त्यामुळे खोली कशी आहे, शेजारी कोण आहे, रुग्णाची तयारी कोणी आणि किती करून घेतली आहे, याला औषधाइतकेच महत्त्व आले. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या, चळवळीच्या दोन संस्थापकांपैकी बिल विल्सन यांनीही १९५६ मध्ये एलएसडी घेऊन पाहिले होते आणि हताश व्यसनी माणसाला त्याचा उपयोग होईल, असे त्यांना वाटले होते. त्यांच्या चळवळीतील अनेकांना मात्र ते रुचले नाही.

पुढे ही द्रव्ये प्रयोगशाळेबाहेर पसरली, त्यांचा गैरवापर झाला, आणि १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानंतर जगभर त्यांवर कडक निर्बंध आले. संशोधन जवळजवळ थांबले. नॉर्वेतील दोन संशोधकांनी २०१२ मध्ये १९६६ ते १९७० या काळातील सहा जुन्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. त्यांत एकूण ५३६ रुग्ण होते. एलएसडीची एकच मात्रा मिळालेल्यांपैकी ५९ टक्क्यांत सुधारणा दिसली, तर इतरांपैकी ३८ टक्क्यांत. पण हा फरक सहा महिन्यांपर्यंतच ठळक होता आणि वर्षाच्या अखेरीस तो तसा उरला नाही. एका मात्रेने पडलेली फट पुढे कोणी उघडी ठेवली नाही, तर ती बुजते, असा अर्थ मी माझ्यापुरता यातून लावते.

न्यूयॉर्कच्या अभ्यासालाही मर्यादा आहेत आणि त्या बातमीत यायला हव्या होत्या. आपल्याला खरे औषध मिळाले की दुसरे, हे दहांपैकी नऊहून अधिक रुग्णांनी अचूक ओळखले. ते ओळखू न येणे अशक्यच म्हणावे लागेल, पण त्यामुळे ‘मला नवे औषध मिळाले’ या आशेचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. ज्यांना किंवा ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनियासारखा गंभीर मनोविकार आहे, अशांना अभ्यासात घेतलेच नव्हते, कारण त्यांच्यात ही द्रव्ये आजार उफाळून आणू शकतात. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना सायलोसायबिन लिहून देण्याची मुभा दिली आहे. मात्र ती इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी आहे, दारूच्या व्यसनासाठी नाही.

म्हणून कात्रण घेऊन आलेल्या त्या बाईला मी स्पष्ट सांगितले, की हे औषध मिरजेत नाही, पुण्यात नाही आणि मुंबईतही औषध म्हणून मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली सायलोसायबिन आणि एलएसडी दोन्ही प्रतिबंधित आहेत आणि जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. पावसाळ्यात बांधावर उगवणाऱ्या छत्र्या गोळा करून कोणी हा प्रयोग घरी करू पाहील, तर यकृत निकामी होऊन जीव जाऊ शकतो. विषारी छत्री आणि खाण्याची अळिंबी यांतला भेद भल्याभल्यांना डोळ्यांनी करता येत नाही. धोत्र्याच्या बियांबाबतही तेच. धोत्र्याचा भ्रम हा विषबाधेचा भ्रम आहे, आणि या संशोधनाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

आता माझ्या घरातील गोष्ट. माझे धाकटे दीर गवंडीकाम करायचे. हात इतका सफाईदार, की पंचक्रोशीत त्यांच्या गिलाव्याचे नाव घेतले जाई. दारू वाढत गेली तशी कामे गेली. माझी जाऊ सोशिक, पण खचलेली. तिने वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीवरून, ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा मजकुराच्या, पुड्या टपालाने मागवल्या आणि रोज संध्याकाळी एक पुडी आमटीत कालवू लागली. चौथ्या दिवशी भाऊजी बाहेरून पिऊन आले आणि जेवले. अर्ध्या तासात त्यांचा चेहरा लालबुंद झाला, छाती धडधडू लागली, उलट्या थांबेनात, आणि रक्तदाब इतका उतरला, की दवाखान्यात नेईपर्यंत ते हाकेला ओ देत नव्हते. पुडीत डायसल्फिराम असावे, असे डॉक्टर म्हणाले. पुडीवर काहीच लिहिलेले नव्हते, त्यामुळे नक्की कधीच कळले नाही. डायसल्फिराम हे वाईट औषध नाही. ते पोटात असताना दारू घेतली, तर शरीरात अॅसिटाल्डिहाइड साचते आणि माणूस भयंकर आजारी पडतो. रुग्णाला हे नीट समजावून, त्याच्या संमतीने, हृदय आणि यकृत तपासून ते दिले, तर काहींना त्याचा चांगला आधार होतो. नकळत देणे म्हणजे मात्र माणसाच्या ताटात विष कालवण्यासारखेच आहे. भाऊजी वाचले, पण त्यानंतर दीड वर्ष त्यांनी बायकोच्या हातचे अन्न खाल्ले नाही. माठातले पाणीसुद्धा ते स्वतः तांब्या विसळून, स्वतः काढून घेत. जाऊ चुलीपाशी बसून हे रोज पाहत असे.

त्यांची दारू सुटली ती पुष्कळ नंतर, आणि एका झटक्यात नाही. शेजारच्या गावचे एक गृहस्थ, जे स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले होते, ते रोज संध्याकाळी सातच्या सुमारास मोटारसायकलवरून येत. सात ही भाऊजींची गुत्त्याकडे वळण्याची वेळ. दोघे ओट्यावर बसत, चहा घेत, कधी कधी तासभर काहीच बोलत नसत. आठवड्यातून एकदा ते त्यांना दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला नेत. मधल्या काळात तीनदा स्लिप झाली, म्हणजे भाऊजी पुन्हा प्यायले, आणि तिन्ही वेळा ते गृहस्थ दुसऱ्या संध्याकाळी, काहीच घडले नसल्यासारखे, ओट्यावर हजर होते. शासकीय रुग्णालयातून गोळ्याही सुरू होत्या आणि त्यांचाही वाटा मी नाकारत नाही.

आपल्या भागात माळ घालून दारू सोडलेली माणसे घरटी नसली, तरी गावोगाव आहेत. पंढरीला जाऊन आलेला माणूस तुळशीची माळ गळ्यात पडल्यावर ग्लासाला शिवत नाही, हे मी लहानपणापासून पाहते. मनाला मुळापासून हलवणारा एखादा अनुभव माणसाला वळवू शकतो, हे आपल्याला परदेशी अभ्यासातून नव्याने शिकायचे नाही. पण ज्यांची माळ टिकली, त्यांच्याभोवती दिंडी होती, एकादशीचे भजन होते, पिण्याच्या वेळी हाक मारणारे कोणी होते. ज्यांना असे कोणी नव्हते, त्यांची माळ महिन्याभरात खुंटीला लागलेलीही मी पाहिली आहे.

या द्रव्यांवर भारतातही संशोधन व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अमली पदार्थ म्हणून नाक मुरडून विषय बंद करणे मला पटत नाही. मॉर्फिनही त्याच कायद्यात येते आणि कर्करोगाच्या रुग्णाची शेवटची रात्र त्यानेच सुसह्य होते, हे मी माझ्या हाताने इंजेक्शने देऊन अनुभवले आहे. मोठ्या शासकीय संस्थांना, कडक देखरेखीखाली, आपल्या लोकांवर आणि आपल्या परिस्थितीत चाचण्या करण्याची वाट मोकळी असावी. मात्र त्या पूर्ण होऊन, औषधाला मान्यता मिळून ते आपल्या तालुक्यापर्यंत यायला बरीच वर्षे लागतील, आणि पदराच्या गाठीत कात्रण बांधून आलेल्या बाईचा नवरा आज रात्रीही पिऊन येणार आहे.

आज काय उपलब्ध आहे, ते तरी तिच्यापर्यंत पोहोचले आहे का? केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी ५.७ कोटी लोकांना तिच्यामुळे उद्भवलेल्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणता ना कोणता उपचार मिळाल्याचे त्या सर्वेक्षणात आढळले. उरलेल्या सदतीस जणांसाठी औषधेच नाहीत, असे नाही. ओढ कमी करणारे नाल्ट्रेक्सोन आहे, सोडलेली दारू सुटलेली राहावी म्हणून अॅकॅम्प्रोसेट आहे, विड्रॉवल सुखरूप पार पाडण्याची पद्धत तर डॉक्टरांना ठाऊक आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सुरू केलेले परिवर्तन या संस्थेचे व्यसनमुक्तीचे काम आहे. पण जत किंवा आटपाडीच्या मजुराने पुण्याला जाऊन राहायचे, तर मागे घरात चूल पेटवणारे कोण?

म्हणून सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील प्रत्येक उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात विड्रॉवलसाठी किमान दोन खाटा राखून ठेवाव्यात, तेथे लोराझेपाम आणि थायमिनचा साठा असावा, आणि पूर्णवेळ समुपदेशक नेमावा, अशी माझी आरोग्य विभागाला विनंती आहे. कोणत्याही कारणाने दाखल झालेल्या रुग्णाला ‘दारू घेता का, किती, शेवटची कधी घेतली’ हे तीन प्रश्न विचारणे आणि उत्तर केसपेपरवर लिहिणे सक्तीचे करावे. त्याला एक रुपयाही खर्च येत नाही आणि आमच्या टेम्पोचालकाची ती रात्र त्याने टळली असती. जे स्वतः व्यसनातून बाहेर पडले आहेत आणि दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसायला तयार आहेत, त्यांना निदान प्रवासखर्च आणि मानधन मिळावे. दारूवरील करातून राज्याला दरवर्षी मोठा महसूल मिळतो. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांबाबत राज्यावर टाकलेली जबाबदारी आठवून त्यातील थोडा भाग या कामाकडे वळवणे अवघड नसावे. आडवी बाटली करून गावातले दुकान बंद पाडणाऱ्या आयाबहिणींना मी वंदन करते. पण दुकान बंद झाल्याच्या तिसऱ्या रात्री ज्यांच्या घरात मुंग्या दिसू लागतात, त्यांनी कोठे जायचे, हे त्याच ग्रामसभेत सांगणारे कोणीतरी असले पाहिजे. तोवर घरच्यांनी निदान शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो निःशुल्क आहे आणि मराठीतून बोलता येते. रोज पिणाऱ्याची दारू घरीच कोंडून घालून एकाएकी बंद करू नये.

आपणाकडेही एक मागणे आहे. अशा संशोधनाच्या बातम्या जरूर द्याव्यात, परंतु औषध येथे उपलब्ध नाही आणि ते समुपदेशनाविना दिले गेलेले नाही, ही दोन वाक्ये त्यांत पहिल्या परिच्छेदातच असावीत. आणि ‘रुग्णाच्या नकळत’ या शब्दांनी सुरू होणारी कोणतीही जाहिरात आपल्या पानांवर घेऊ नये.

पत्र प्रसिद्ध केल्यास माझे नाव छापू नये, ही विनंती. भाऊजी याच परिसरात राहतात, पुन्हा कामावर जातात, आणि गेली काही वर्षे जेवायला बसताना तांब्या जावेच्या हातूनच घेतात.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
मिरज, जि. सांगली